'काइंड ऑफ ब्लू' आवडली. आता पुढे काय ऐकू?

जॅझकडे नव्याने वळलेली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९ चा हा अल्बम बहुतेकांना पहिल्या फटक्यात आवडतो. मग नेटवर 'सर्वश्रेष्ठ शंभर जॅझ अल्बम' छापाची यादी शोधली जाते आणि त्यात माइल्सचाच 'बिचेस ब्रू' समोर येतो. इलेक्ट्रिक पियानो, एकावर एक चढलेले ड्रम्स, वीस-वीस मिनिटांचे ट्रॅक. दहा मिनिटांत हेडफोन काढायचे आणि "जॅझ आपल्याला झेपत नाही बुवा" म्हणून मोकळं व्हायचं. अल्बम थोरच आहे, पण दुसऱ्याच दिवशी ऐकायचा नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. याद्या सोडा, साथीदारांची नावं वाचा. तबल्यावर कोण, पेटीवर कोण हे विचारूनच मैफलीला जाणारे आपल्याकडे काही कमी नाहीत. तीच खोड इथे कामाला लावायची. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये तीच तीच मंडळी एकमेकांच्या रेकॉर्डिंगवर वाजवत होती. आजचा लीडर उद्या दुसऱ्याच्या सेशनला हजर.

आता 'काइंड ऑफ ब्लू'च घ्या. पहिला ट्रॅक 'सो व्हॉट'. सुरुवातीला धून बास वाजवतो, बाकीचे त्याला दोन सुरांत उत्तर देतात. दीडेक मिनिटाने माइल्सचा सोलो सुरू होतो, नेमक्या त्याच क्षणी ड्रमर जिमी कॉबची झांज दणकून वाजते आणि तिचा नाद बराच वेळ रेंगाळत राहतो. आधी या जागेसाठी एकदा ऐका. मग ठरवा, यातलं कोण आवडलं?

पियानो आवडला असेल तर बिल एव्हान्स. त्याचा 'वॉल्ट्झ फॉर डेबी' २५ जून १९६१ ला व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात रेकॉर्ड झाला. ग्लासांची किणकिण, लोकांच्या गप्पा, सगळं ऐकू येतं. (चक्क बिल एव्हान्स वाजवतोय आणि यांच्या गप्पा चालल्यात!) बासवर स्कॉट लाफारो. तो मागे राहून ठेका धरत नाही, पियानोशी बरोबरीने बोलतो. पुढच्या अकरा दिवसांत तो कार अपघातात गेला, वय २५.

ऑल्टो सॅक्सोफोन आवडला? कॅननबॉल ॲडर्ली, 'समथिंग एल्स', १९५८. इथे माइल्सच साथीला आहे. त्यातलं 'ऑटम लीव्ह्ज' नव्या माणसाला ऐकवायला माझ्या मते डेव्ह ब्रुबेकच्या गाजलेल्या 'टेक फाइव्ह'पेक्षाही चांगलं. त्यावरचा ड्रमर आर्ट ब्लेकी, म्हणजे पुढचा अल्बम त्याचा 'मोनिन'. तिथे ट्रम्पेटवर ली मॉर्गन भेटतो. तोच ली मॉर्गन जॉन कोल्ट्रेनच्या ('काइंड ऑफ ब्लू'वरचा टेनर सॅक्सोफोनवाला) १९५७ च्या 'ब्लू ट्रेन'वर आहे, तेव्हा पोरगा जेमतेम १९ वर्षांचा! आणि 'ब्लू ट्रेन'वर बास कुणाचा? पॉल चेंबर्सचा. म्हणजे 'सो व्हॉट'ची धून वाजवणारा तोच. कोल्ट्रेनने 'जायंट स्टेप्स'मध्ये 'मिस्टर पी. सी.' हा ट्रॅक त्याच्याच नावाने केलाय. एवढं फिरेस्तोवर महिना-दोन महिने मजेत जातात आणि कान आपोआप तयार होतो.

अडचण एकच. ॲपवर लीडरचं नाव मोठं दिसतं, बाकीच्यांची नावं शोधत बसावं लागतं. एलपीच्या कव्हरमागे ती ठळक छापलेली असायची. अल्बमचं विकिपीडिया पान उघडा, काम होतं.

आणि हो, एखादं नाव नाही पटलं तर बिनदिक्कत सोडून द्या. कोल्ट्रेनचं 'असेन्शन', अकरा वादक आणि चाळीसेक मिनिटांचा कल्लोळ, मला आजही पचत नाही. जाणकार नाकं मुरडतात, मुरडू देत. मी आपला तेवढ्या वेळात 'ब्लू ट्रेन' पुन्हा लावतो.