'त्रस्त वाचक' यांना उत्तर : सॉकेट जुळलं, डिस्प्ले आला नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. मग माझाच जुना लेख उघडून पाहिला आणि राग मुकाट्याने गिळला.

इतर वाचकांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगतो. '५० हजारांच्या आत असेंबल्ड पीसी' या माझ्या लेखावर विसंबून तुम्ही एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर ऑनलाइन मागवला, बी४५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) मदरबोर्ड स्वस्त मिळाला म्हणून गावातल्या दुकानातून घेतला, सोबत आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. रात्री जागून सगळं जोडलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. दोन दिवस रॅम काढून पुसून लावण्यात गेले. शेवटी दुकानदाराने बोर्डाचा बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डातच साठवलेला प्रोग्रॅम) अपडेट करून दिला, ५०० रुपये घेतले आणि वर 'इंटरनेटवर वाचून असंच होतं' हेही ऐकवलं. यातलं शेवटचं तुम्हाला ५०० रुपयांपेक्षा जास्त लागलं असावं असं तुमच्या भाषेवरून वाटलं.

तुमचे आक्षेप असे : "सॉकेट एएम४ असला की डोळे झाकून घ्या" हे माझं वाक्य चुकीचं आहे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा, आणि एएम४ हा त्याचा एएमडीचा प्रकार). ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) मी सुचवला, ऑनलाइन कॅल्क्युलेटर ६५० सांगतो. केबलच्या बाबतीत मी उगाच भीती घालतो. आणि पार्ट निवडले की जुळतात की नाही हे सांगणाऱ्या साइट असताना 'तुमची ही पत्रिका जुळवणी हवीच कशाला'. जाता जाता, ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २४०० दाखवते अशीही तक्रार आहे.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. ते वाक्य माझंच, आणि ते लिहिताना मी आळस केला. पत्रिकेची उपमाही माझीच होती, आता ती माझ्याच अंगाशी आली. आज लेखातलं ते वाक्य खोडून खाली दुरुस्ती टाकली आहे. पण दुरुस्ती दोन ओळींची आहे आणि कारण मोठं आहे, म्हणून ते इथे लिहितो.

एएम४ हा सॉकेट फार वर्षं चालला. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत सगळे त्याच १३३१ भोकांत बसतात. पण बसणं वेगळं आणि बोर्डाने ओळखणं वेगळं. ती ओळख बायोसच्या चिपमध्ये असते, आणि चिप भरते तेव्हा भरते. जुन्या बऱ्याच बोर्डांवर ही चिप १६ एमबीची होती. इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची माहिती तेवढ्यात कोंबायची म्हणजे कुणाला तरी बाहेर काढणं आलं. काही कंपन्यांनी बायोसची रंगीत सजावट काढली, काहींनी जुन्या प्रोसेसरांचा आधार काढला. एमएसआयने तर २०१९ मध्ये त्याच बोर्डांच्या ३२ एमबी चिपच्या आवृत्त्या 'मॅक्स' या नावाने बाजारात आणल्या.

मे २०२० मध्ये एएमडीने सांगूनच टाकलं होतं की पुढची पिढी बी४५० आणि एक्स४७० वर चालणार नाही. लोक भडकले. 'सॉकेट टिकेल' या भरवशावर ज्यांनी बी४५० घेतले होते त्यांनी एवढा आरडाओरडा केला की दोन आठवड्यांच्या आत कंपनीने शब्द फिरवला. ५००० मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये आली, आणि तुमचा साधा ५६०० तर त्याहून उशिरा, एप्रिल २०२२ मध्ये. बी४५० चिपसेट मात्र २०१८ चा. म्हणजे २०१९ मध्ये कारखान्यातून निघून दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या बोर्डाला तुमच्या प्रोसेसरचं नावसुद्धा ठाऊक नसणार. स्वस्त का मिळाला, त्याचंही उत्तर बहुधा यातच आहे.

मी लेखात सांगायला हवं होतं ते हे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, आणि प्रत्येकासमोर कुठल्या बायोस आवृत्तीपासून तो चालतो ते लिहिलेलं असतं. खोक्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' असं स्टिकर आहे का बघायचं. नसेल तर पैसे देण्याआधी दुकानदाराला म्हणायचं, बायोस अपडेट करून देत असाल तर घेतो. काही बोर्डांना मागे एक बटण असतं. पेनड्राइव्हवर फाइल टाकून ते दाबलं की प्रोसेसर न बसवताही बायोस बदलतो. ते नसेल तर आधी जुना रायझन बसवून अपडेट करावं लागतं. तुमच्या दुकानदाराने बहुधा तेच केलं. प्रोसेसर तुम्ही त्याच्याकडून घेतला नव्हता हे लक्षात घेता ५०० रुपये मला फार वाटत नाहीत. टोमणा फुकटचा होता, हे मान्य.

आता माझी जखम दाखवतो, म्हणजे हिशोब बरोबरीचा होईल.

२०१८ च्या सुरुवातीला मी आय३ ८१०० घेतला होता. तेव्हा इंटेलच्या आठव्या पिढीसाठी फक्त झेड३७० चे महाग बोर्ड मिळत होते. स्वस्तातले बी३६० आणि एच३१० यायला एप्रिल उजाडला. बोर्डाला प्रोसेसरएवढेच पैसे मोजायचे माझ्या जिवावर आलं. एका दुकानात एच११० चा बोर्ड दिसला. सॉकेट एलजीए ११५१. प्रोसेसरही एलजीए ११५१. दुकानदार म्हणाला, "एकच आहे साहेब, बिनधास्त न्या." मीही मान डोलावली, कारण आकडा तर खरंच एकच होता. प्रोसेसर खाचेत अगदी बरोबर बसला, लिव्हर नेहमीसारखी लागली आणि पुढे काहीच झालं नाही. सहाव्या-सातव्या पिढीचा ११५१ आणि आठव्या-नवव्या पिढीचा ११५१ यांत पिनांची संख्या तीच, पण कोणती पिन कशासाठी हे इंटेलने बदललं होतं. करामती लोकांनी पिनांवर चिकटपट्टी लावून आणि बायोसमध्ये हात घालून ते चालवून दाखवलं आहे. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. बोर्ड परत घेतला गेला, पण पैशांऐवजी 'दुसरं काहीतरी घ्या' या बोलीवर. त्यातून आलेला कीबोर्ड अजून वापरतोय.

एवढा अनुभव गाठीशी असताना मी 'सॉकेट जुळला की डोळे झाकून घ्या' लिहिलं. कपाळाला हात लावावा अशीच गोष्ट आहे.

याची दुसरी बाजूही बघा. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्ही रॅमना २८८ पिना. पण मधली खाच वेगळ्या जागी आहे, त्यामुळे चुकीची आणलीत तर ती बसतच नाही. तुम्ही चरफडत दुकानात जाता, बदलून आणता, नुकसान काय ते रिक्षाभाड्याचं. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीसाठीचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे ही चूक भरपूर लोक करतात, आणि कुणाचं काही जळत नाही. न बसणारा पार्ट मला प्रामाणिक वाटतो. छान बसून गप्प राहणाऱ्याची मला धास्ती असते.

आणि म्हणूनच केबलबद्दल मी एक शब्दही मागे घेणार नाही.

तुम्ही लिहिता, "जुन्या मॉड्युलर एसएमपीएसची साटा केबल नव्याला लावली, प्लग बसतो, मग अडचण काय?" (मॉड्युलर म्हणजे ज्याच्या केबल सुट्या काढता येतात तो; ही साटा केबल डिस्कला वीज देते.) अडचण अशी की केबलचं डिस्ककडचं टोक सगळ्या जगात सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलंही प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने तारा लावते. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. प्लग खट्कन बसतो आणि डिस्कला जिथे ५ व्होल्ट हवेत तिथे १२ जातात. आमच्या शेजारचे काका लोकांची टॅक्स रिटर्न भरून देतात. त्यांचा एसएमपीएस गेला, मी उत्साहाने नवा बसवायला गेलो. जुन्या केबल कॅबिनेटच्या मागून नीट ओवून बांधलेल्या होत्या. त्या सोडवायचा कंटाळा केला आणि नवा डबा त्यांनाच जोडला. बटण दाबलं, बारीकसा 'चट्' आवाज आला आणि करपट वास सुटला. हार्ड डिस्कमध्ये त्यांचा टॅलीचा सगळा डेटा होता, आणि बॅकअप होता पेनड्राइव्हवर, चार महिन्यांपूर्वीचा. काका काही बोलले नाहीत. काकू अजून बोलत नाहीत. तुमची डिस्क चालू असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे. पण आज घरी गेल्यावर ती केबल काढा आणि नव्या डब्यातली लावा.

वॅटचं म्हणाल तर इथे मी तुमच्याशी भांडणार. ५६०० वर टीडीपी (कंपनीने जाहीर केलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट लिहिलेला असतो, प्रत्यक्षात तो ७६ पर्यंत घेतो. आरएक्स ६६०० चे १३२. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. बेरीज २५८. या कार्डासाठी एएमडीची स्वतःची शिफारसही ४५० वॅटचीच आहे. कॅल्क्युलेटरवाले हातचं राखून सांगतात. पुढे मोठं कार्ड घालायचं मनात असेल तर ६५० जरूर घ्या, पण या मशीनसाठी नको.

खरा घोळ आकड्यात नाही, लेबलात आहे. डब्यावर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते सोडा. बाजूला तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा आणि १२ ने गुणा. ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॅट झाले, मग तो ४५० चा डबा खरा. २५ असतील तर ३०० झाले, आणि बाकीचे १५० तुमच्या काहीच कामाचे नाहीत, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर हा तक्ता वाचून बघा, करमणूक होते.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, जी परदेशी साइटवर सापडणार नाही. तुम्ही यूपीएसचा उल्लेख केलाय, ६०० व्हीएचा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. अशा घरगुती यूपीएसवर बहुतेक वेळा ३६० वॅट लिहिलेलं असतं. मॉनिटर धरून गेम चालू असताना तुम्ही ३०० च्या जवळ जाता, म्हणजे निभेल. पण स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की त्यातून येणारी लहर गुळगुळीत नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते. अॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढायला लावणारं सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना ती सोसत नाही. मग ज्या क्षणासाठी यूपीएस घेतला नेमक्या त्याच क्षणी मशीन बंद पडतं. घरी एकदा मेन स्विच पाडून बघाच, फाइल सेव्ह करून.

साइटबद्दल. पीसीपार्टपिकर मीही वापरतो, त्याचं भारतीय पान आहे, आणि नवख्याने आधी तिथेच यादी बनवावी असं माझं मत आहे. बी४५० आणि ५६०० तिथे टाकलंत तर 'काही बोर्डांना बायोस अपडेट लागेल' अशी सूचनाही येते. म्हणजे माझ्या लेखापेक्षा ती साइट सरस ठरली, कबूल. पण तुमच्या दुकानाच्या माळ्यावरचं खोकं कुठल्या सालचं आहे ते तिला कळायचा मार्ग नाही. जुनी केबल वापरायचा तुमचा बेतही तिला कोण सांगणार? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काउंटरसमोर उभं राहिल्यावर 'तो बोर्ड संपला, त्याच्याच भावाचा हा घ्या' असं ऐकू येतं, तेव्हा काय तपासायचं हे डोक्यात असावं लागतं. बोर्डाच्या नावातलं एक अक्षर बदललं की रॅमचा प्रकार बदलतो, दुसऱ्या एम डॉट टू स्लॉटमध्ये एसएसडी घातली की काही बोर्डांवर दोन साटा पोर्ट बंद पडतात. हे बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि मॅन्युअल विकत घ्यायच्या आधीही कंपनीच्या साइटवर फुकट वाचता येतं.

तुमच्यासारखाच काळा स्क्रीन आणखी कुणाला दिसला तर बायोसला दोष देण्याआधी एक बघा : केबल कार्डाला लावली आहे की बोर्डाला? साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ते ५६००जी मध्ये आहे. बोर्डावर एचडीएमआयचं भोक दिसतं म्हणून तिथे केबल लावून तासन् तास बसलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत.

राहिली रॅम. कुणी फसवलेलं नाही तुम्हाला. ३२०० चा आकडा बहुतेक रॅमवर एक्सएमपीचा (रॅम जास्त वेगाने चालवायच्या तयार सेटिंगचा) असतो, आणि तो बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. नवा बायोस टाकला की जुन्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, त्यामुळे तुम्ही आधी चालू केलं असतंत तरी ते गेलंच असतं. एएमडीच्या बोर्डांवर त्याला कुठे डीओसीपी, कुठे ए-एक्सएमपी म्हणतात. नाव काही असो, प्रोफाइल निवडायची आणि सेव्ह करून बाहेर पडायचं. दोन स्टिक असतील आणि स्लॉट चार, तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्यात लावा, शेजारीशेजारी नको.

एवढं करूनही २४०० च दिसत असेल तर स्टिकवरच्या लेबलचा फोटो आणि बोर्डाचं पूर्ण नाव पाठवा. आणि ती केबल आधी काढा.