प्रचाराचा खर्च सरकारनं उचलावा, पण फुकट नाही

सर्वोच्च न्यायालयानं 15 फेब्रुवारी 2024 रोजी निवडणूक रोखे, म्हणजे पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी देण्याची सोय, घटनाबाह्य ठरवले, तेव्हापासून रावेरच्या आमच्या मित्रमंडळींत वाद चालू आहे: प्रचाराचा खर्च सरकारनंच द्यावा का? बहुतेक जण म्हणतात, पुढाऱ्यांच्या गाड्यांत आमच्या करातून डिझेल कशाला?

राग रास्त आहे. तरी मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि त्याला मी राहतो ते अमेरिकेतलं कनेक्टिकट राज्य कारणीभूत आहे.

इथले गव्हर्नर जॉन रोलंड यांना भ्रष्टाचाराच्या प्रकरणामुळे 2004 मध्ये पायउतार व्हावं लागलं. पुढच्याच वर्षी कायदा झाला. आमदारकीच्या उमेदवारानं आधी आपल्या भागातल्या किमान 150 रहिवाशांकडून लहान देणग्या जमवायच्या. तो दारात येतो, पाच डॉलर मागतो, फॉर्मवर नाव, पत्ता, सही घेतो. ठरलेली रक्कम जमली की मगच राज्याचं अनुदान. ते घेतलं की खर्चाला मर्यादा आणि हिशेबाची तपासणी. निधी मुख्यतः कोणी दावा न केलेल्या बँक ठेवींसारख्या मालमत्तेतून येतो.

आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा आहे, त्याच्या पक्षाला कसलीच नाही. इंद्रजित गुप्ता समितीनं 1998 मध्ये सरकारी मदत सुचवली होती, रोख नव्हे तर वस्तुरूपात, आणि फक्त मान्यताप्राप्त पक्षांना. मला खटकतं ते इथेच. खान्देशात विधानसभेच्या 20 जागा आहेत. रावेरच्या केळीवाल्या शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा किंवा अक्कलकुव्यात वनहक्कासाठी झटणारी आदिवासी मुलगी तिकीट मागायला गेली, तर पहिला प्रश्न येतो, “किती लावणार?” उत्तर नसेल तर विषय संपला. उत्तर असेल, तर बहुधा मागे एखादा ठेकेदार उभा असतो आणि पुढची पाच वर्षं रस्त्याच्या बिलातून तो आपला पैसा काढून घेतो. म्हणजे खर्च आजही आपणच करतो, फक्त पावती मिळत नाही. पक्षांच्या तिजोरीत सरकारी पैसा ओतून यातलं काय बदलेल?

गावच्या सप्ताहाला शंभर रुपये वर्गणी देणारा माणूस हिशेब विचारतोच. उमेदवारालाही तसं विचारणारे हवेत. कनेक्टिकटमध्ये एका आमदारामागे चोवीसेक हजार लोक, आपल्याकडे लाखोंचा मतदारसंघ. म्हणून अट दोन हजार मतदारांची ठेवा, प्रत्येकी शंभर रुपये, स्वतःच्या खात्यातून. लबाडी होईल, दुसऱ्यांच्या नावावर पैसे भरले जातील. आदल्या रात्रीची पाकिटंही यानं थांबणार नाहीत. पण ठेकेदाराच्या दारात न जाता उभं राहण्याची एक वाट तरी उघडेल, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

विधानसभेसाठी संसदेला कायदा बदलावा लागेल. जिल्हा परिषदांचा कायदा मात्र राज्याच्या हातात आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारपासून सुरुवात करायला दिल्लीची वाट बघायची गरज नाही.