तिसरा नारळ

सकाळी आईचा फोन. "पुलाला परत नारळ फुटला बघ." म्हटलं, कुठल्या पुलाला? "आपल्याच की. ओढ्यावरच्या."

तिसरा नारळ. पूल अजून नाही.

आमची शाळा ओढ्यापलीकडं. पाऊस लागला की पोरं चपला हातात नि दप्तर डोक्यावर घेऊन जातात, पाणी चढलं की शाळा बुडते. २०२१ च्या शेवटी पहिला नारळ फुटला. महाविकास आघाडीचं (मविआ) सरकार, आमदार सत्तेतले. कार्यारंभ आदेश निघायचा होता, तरी हारतुरे झाले, पेढे वाटले, खडीचा एक ढीग येऊन पडला. जून २०२२ मध्ये सरकार गेलं. नव्या सरकारनं जुन्या मंजुऱ्यांना धडाधड स्थगिती दिली, त्यात आमचा ओढाही अडकला. तालुक्यातले एक पुढारी टपरीवर छाती काढून सांगत होते, "स्थगिती आम्हीच आणली!" काम आणल्याचं श्रेय घेणारे लय बघितले. अडवल्याचं घेणारा पहिलाच. (खडी पुढं कुणाकुणाच्या अंगणात गेली ते जाऊ द्या.)

मुंबईवाले म्हणतील, पूल काय घेऊन बसलास, आमचं मेट्रोचं कारशेड बघ. बघितलं की. २०१९ ला आरेतलं काम थांबवलं, २०२२ ला परत आरेतच. सरपंचाचं तर विचारूच नका. २०१७ ला थेट जनतेतून, २०२० ला सदस्यांतून, २०२२ ला परत थेट. आधीच्यानं केलं ते पुसायचं, एवढंच धोरण. मान्य, जाणारेही काही संत नसतात, जाता जाता जीआरचा पाऊस पाडतात. मग तपासा ना! आमच्या ओढ्यावर तपासायला कुत्रंसुद्धा आलं नाही.

मला खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आहे.

२०२३ च्या मे महिन्यात मी आमदारांच्या घरी गेलो. तेव्हा ते विरोधी बाकावर. म्हटलं, भाऊ, पावसाळी अधिवेशनात लक्षवेधी सूचना लावा, या स्थगितीवर बोला. त्यांनी माझा कागद घडी करून खिशात टाकला, पाठीवर हात ठेवला. "थोडं थांब. बघ काय होतंय." मला वाटलं, अभ्यास करणार असतील. २ जुलैला टीव्ही लावला तर राजभवनात अजितदादांचा शपथविधी, आणि गर्दीत हसरे आमचे भाऊ. लक्षवेधी खिशातच राहिली.

अशा माणसाला विरोधक म्हणायचं? हा तर स्टँडवर बसलेला प्रवासी. गाडी लागली की रुमाल टाकून जागा धरली. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर "पन्नास खोके, एकदम ओके" ओरडणाऱ्यांतले कितीतरी जण वर्षभरात त्याच खोकेवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. आमदारांचं सोडा, खुद्द विरोधी पक्षनेत्यांचं बघा. एकनाथ शिंदे २०१४ ला जेमतेम महिनाभर, मग मंत्री. विखे पाटील २०१९ ला थेट मंत्री. अजितदादा २०२३ ला उपमुख्यमंत्री. ज्याच्यावर सरकारला धारेवर धरायची जबाबदारी, तोच उद्या त्या सरकारात जाणार असेल तर कशाला जोरात बोलेल? आणि सरकार तरी त्याला कशाला भीक घालेल? एकतर त्याचा निधी तोडायचा, नाहीतर त्यालाच उचलायचा.

आपले मविआवालेही काही कमी नव्हते म्हणा. जुलै २०२१ मध्ये भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित केले, तेव्हा माझ्या या भिंतीवर किती टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते निलंबन रद्द केलं तेव्हा मी गप्प बसलो. आज ते आठवलं की जरा ओशाळल्यासारखं होतं.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले, बहुतेक काळ विरोधात. तेव्हाही दूधगंगा वाहत नव्हती, १९७८ ला वसंतदादांचं सरकार आतूनच फोडलं, आणि त्यातून आलेल्या सरकारात गणपतराव मंत्रीही होते. माहीत आहे, कमेंटमध्ये सांगायला येऊ नका. तरी हा माणूस विरोधात बसला की विरोधातच बसायचा, उठून उभा राहिला की मंत्री ऐकायचे. आता २०२४ नंतर विरोधकांतल्या सगळ्यात मोठ्या पक्षाचे आमदार २०. विरोधी पक्षनेतेपदाला एक दशांश म्हणजे २९ हवेत म्हणे. कायद्यात तशी अट नाही असं विरोधक घसा कोरडा करून सांगत राहिले, खुर्ची अधिवेशनामागून अधिवेशनं रिकामीच.

हां, दुसरा नारळ राहिलाच. तो २०२४ ला, आचारसंहितेच्या आधी घाईघाईत, भाऊंच्याच हस्ते. दोन खांब उभे राहिले, ठेकेदाराचं बिल अडकलं, तो गेला. खांबांतून गज वर आलेत, गंजलेत. शेजारच्या काकू त्यातल्या एका वाकलेल्या गजाला म्हैस बांधतात.

"आज कोण कोण आलेलं गं?"

"आमदार आलेले. आणि ते रे, स्थगितीवाले."

"दोघं?"

"दोघांनी मिळून फोडला. एकानं नारळ धरला, एकानं पाणी सोडलं. पूजेपुरती म्हैस सोडायला लावली होती."

"मग?"

"मग काय? गाड्या गेल्यावर परत बांधली."