हेमी कुडाची किंमत नुसत्या नावाची नाही

मसल कारच्या, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकी गाड्यांच्या, चाहत्यांमध्ये एक दावा कायम फिरत असतो. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ चं एलएस६ इंजिन ४५० हॉर्सपॉवरचं, त्याच वर्षीच्या प्लिमथ हेमी कुडाचं ४२५ चं. म्हणजे शेव्हेलच वेगवान, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात कुडाला मिळणारे जास्तीचे पैसे म्हणजे तिच्या ‘हेमी’ इंजिनाच्या नावाची हवा. दोन्ही गाड्यांवर माझा जीव आहे, म्हणून हे खोडून काढायलाच हवं.

आधी हॉर्सपॉवर. हे दोन्ही आकडे ‘ग्रॉस’ आहेत: इंजिन गाडीबाहेर स्टँडवर चढवून, एअर क्लीनर आणि इतर भार काढून मोजलेले. शिवाय कोणत्या आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) आकडा छापायचा, हे कंपनीच ठरवायची. शेव्हरोलेने ५,६०० चा दिला, प्लिमथच्या मालक क्रायस्लरने ५,००० चा. हेमी तर मूळची रेसिंगची. १९६४ साली रिचर्ड पेटीने डेटोना ५०० जिंकली ती याच इंजिनावर. अर्धगोल दहनकक्ष आणि मोठे व्हॉल्व्ह असलेलं हे इंजिन वरच्या आरपीएमलाच खरं खुलतं. मग त्या २५ च्या फरकावर निकाल कसा लावणार?

वेगाचं म्हणाल, तर त्या काळच्या मासिकांच्या चाचण्यांत दोघींनीही पाव मैल साधारण १३ ते १४ सेकंदांत कापला. मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो, टायर आणि चालवणारा बदलला की निकाल फिरायचा. एक मात्र मान्य: एलएस६ चा ५०० पाउंड-फूट टॉर्क (गाडी ओढणारा जोर) ३,६०० आरपीएमलाच मिळतो, हेमीचा ४९० चा ४,००० ला. त्यात हेमीचे दोन कार्बोरेटर जुळवत बसायचे. रोज रस्त्यावर चालवायला मी शेव्हेलच घेईन.

आता किंमत, आणि इथे हा दावा साफ चुकतो. १९७० मध्ये हेमीसाठी वरचे ८७१ डॉलर पडत. सुमारे २५० डॉलरमध्ये तीन कार्बोरेटरचं ४४० इंजिन मिळत असताना हेमी कोण घेणार? म्हणून त्या वर्षी हेमी कुडा बनल्या ६५२ हार्डटॉप (पक्क्या छताच्या) आणि १४ कन्व्हर्टिबल (उघडत्या छताच्या). एलएस६ शेव्हेल बनल्या साधारण ४,४७५. १९७१ च्या हेमी कन्व्हर्टिबल तर डझनभरही नव्हत्या. त्यातल्या एकीला २०१४ साली सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलर मिळाले.

पण संख्येहून मोठा मुद्दा पुराव्याचा. कुडाचा चेसिस नंबर वाचा: बीएस२३आर. त्यातला पाचवा ‘आर’ म्हणजे ४२६ घन इंचांचं हेमी इंजिन. कारखान्यातून हेमी घेऊनच गाडी निघाली, हे नंबरच सांगतो. १९७० च्या शेव्हेलच्या चेसिस नंबरात इंजिन तर नाहीच, ती एसएस आहे की मालिबू, म्हणजे साधी शेव्हेल, हेही कळत नाही. व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) एवढंच कळतं. इंजिन ब्लॉकवर सीआरआर (मॅन्युअल) किंवा सीआरव्ही (ऑटोमॅटिक) हा शिक्का असतो खरा, पण ब्लॉक घासून नवा शिक्का मारणारे कमी नाहीत. खरा आधार बिल्ड शीटचा, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याच्या कारखान्यातल्या कागदाचा. ती बरेचदा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली सापडते, बरेचदा कुजून गेलेली असते. त्यामुळे साध्या मालिबूच्या एलएस६ झालेल्या गाड्या बाजारात खूप आहेत, आणि त्या संशयाची किंमत खऱ्या एलएस६ च्या मालकालाही मोजावी लागते.

एलएस६ घ्यायला निघाला असाल, तर भाव बोलण्याआधी ती बिल्ड शीट मागा.