उपग्रहांच्या आधीचा समुद्र

समुद्रावरच्या हवामानाच्या अंदाजाबद्दलच्या तुमच्या लेखात उपग्रहांचं कौतुक रास्तच आहे. पण ‘त्याआधी सगळा अंदाजपंचे कारभार होता’ हे वाक्य खटकलं.

जहाजांवर हवेच्या नोंदी कितीतरी आधीपासून होत होत्या. 1853 मध्ये ब्रुसेल्सला परिषद भरून त्यांची एकसारखी पद्धतही ठरली. अडचण एवढीच, की नोंदवही बंदरात पोहोचेपर्यंत वादळ येऊन गेलेलं असायचं. बिनतारी यंत्रणा आली आणि हे बदललं. ऑगस्ट 1909 मध्ये ‘कार्टागो’ जहाजाने मेक्सिकोतल्या युकातानच्या किनाऱ्याजवळून चक्रीवादळाची खबर रेडिओवरून दिली. पुढे काम शिस्तीत बसलं: ठरलेल्या वेळी वायुभारमापक बघायचा, कॅनव्हासची बादली समुद्रात सोडून पाणी वर ओढायचं, त्यात तापमापक बुडवायचा, लाटांवरून वाऱ्याचा जोर ठरवायचा. मग सगळं आकड्यांच्या गटांत बसवून मोर्सच्या सांकेतिक लिपीत कट्ट-कड-कट्ट. डोलत्या डेकवर हे रोज करणं म्हणजे खायचं काम नाही!

गोम अशी, की इशारा मिळाला की जहाजं वादळापासून लांब पळायची (पळणारच की!), म्हणजे नेमकी तिथलीच माहिती तुटायची. ती उणीव उपग्रहांनी भरून काढली, हे मान्य.

आम्ही निफाडकडचे द्राक्षवाले. बाग फुलोऱ्यात असताना अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा म्हटलं की डावणी या बुरशीरोगावरच्या फवारणीची धांदल उडते. जहाजांवरून आजही नोंदी येतात, तेवढं लेखात यायला हवं होतं.