"हात बसला की गार्ड लागत नाही" म्हणणाऱ्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

ड्रिल, ग्राइंडर, कटर वापरणाऱ्या लोकांमध्ये एक मेसेज फिरतोय, मला तो चार जणांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांनी "हे बरोबर आहे का?" असं विचारलं, म्हणून बसून लिहितोय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सेफ्टीचे नियम नवशिक्यांसाठी असतात, एकदा हात बसला की ग्राइंडरचं गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण, काढा म्हणजे मोठी चकती बसते, लाकूड कापायला त्याच मशीनला दातेरी ब्लेड लावा, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) असेल तर अर्थिंगच्या तिसऱ्या पिनेची गरज नाही, हातमोजे घातले की हात सेफ, कार्बनमधून (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे घासते तुकडे) जोरात ठिणग्या म्हणजे मशीन ताकदवान, महिन्यातून एकदा मशीनच्या हवेच्या जाळीतून तेल सोडा, आणि चष्मा मास्क म्हणजे कामात नुसता अडथळा. मी मशीनं दुरुस्त करतो, ती उघडल्यावर आत काय दिसतं ते मला माहिती आहे, आणि हा मेसेज वाचून मला खरंच काळजी वाटली कारण यातल्या दोन तीन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीवर माणूस पटकन विश्वास ठेवतो.

आधी ते "हात बसला की" बघू, कारण अख्खा मेसेज त्यावर उभा आहे. हात बसतो म्हणजे काय होतं, तर रेघ सरळ येते, दाब किती द्यायचा ते कळतं, मशीनच्या आवाजावरून अडकतंय की नाही ते समजतं. हे सगळं खरं आहे आणि याची किंमत मोठी आहे. पण काहीतरी बिनसलेलं दिसलं आणि हात हलला यामध्ये साधारण पाव सेकंद जातोच, वीस वर्षं काम केलेल्या माणसाचाही जातो. छोटा ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो, म्हणजे पाव सेकंदात ४५ फेऱ्या. कारागिराचा हात कितीही मुरलेला असू दे, तो या ४५ फेऱ्यांच्या आत पोचत नाही, तिथे फक्त आधीपासून बसवलेली वस्तू कामाला येते, म्हणजे गार्ड.

"गार्ड काढा, मोठी चकती बसते." बसते, नाही असं नाही. ७ इंची चकतीचं भोक मोठं असतं म्हणून लोक त्यात बुश, म्हणजे भोक लहान करणारी रिंग, घालून ती ४ इंचीच्या मशीनवर चढवतात, मी स्वतः अशी मशीनं दुरुस्तीला आलेली बघितली आहेत. आता चकतीवरचे आकडे वाचा. कटिंगच्या रेझीनच्या चकत्या साधारणपणे कडेला ८० मीटर प्रति सेकंद एवढ्या वेगासाठी बनवतात, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर, आणि त्यावरून प्रत्येक मापाची आरपीएमची मर्यादा ठरते: ४ इंचीला १५,२०० च्या आसपास, ५ इंचीला १२,२००, ७ इंचीला ८,५०० आणि ९ इंचीला ६,६००. चकती मोठी झाली की आकडा खाली येतो. ८,५०० ची चकती तुम्ही ११,००० ला फिरवली तर वेग सव्वा पटीपेक्षा थोडा जास्त होतो, पण चकतीला बाहेर ओढणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, तो १.६ पटीच्या वर जातो. त्यात चकती थोडी चेपलेली असेल, ओल लागलेली असेल, कटमध्ये वाकडी झाली असेल, तर ती फुटते आणि तुकडा शंभर मीटर प्रति सेकंदाच्या वेगाने सुटतो. तुमचा चेहरा चकतीपासून अर्ध्या मीटरवर असला तर त्याला पोचायला ५ मिलिसेकंद लागतात, पाव सेकंद म्हणजे २५० मिलिसेकंद, हिशोब तुम्हीच करा.

इथे कोणीतरी म्हणेल की ५ इंची तर चालते ना, तिचा आकडा १२,२०० आहे. आकड्याने चालते, बरोबर, पण ४ इंचीच्या गार्डमध्ये ती मावत नाही, म्हणून गार्ड जातं, आणि चकती फक्त वेगाने फुटते असं थोडीच आहे, कटमध्ये चिमटली की योग्य मापाचीही फुटते. गार्डमुळे काम दिसत नाही ही तक्रार मात्र मी ऐकून घेतो, ती खरी आहे, पण बहुतेक गार्ड फिरवता येतात, ते अशा कोनात लावा की बंद बाजू तुमच्याकडे राहील. आणि चकतीच्या मधल्या लोखंडी रिंगवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं ते वाचत जा, रेझीन ओल धरतं आणि जुनं होतं, साधारण ३ वर्षांची मुदत असते. नवीन चकती लावली की अर्धा एक मिनिट रिकामी फिरवायची, तिच्या फिरण्याच्या रेषेत स्वतः उभं राहायचं नाही आणि दुसऱ्यालाही राहू द्यायचं नाही. कटिंगच्या पातळ चकतीची बाजू घासायला वापरायची नाही, ती आडवा दाब सहन करायला बनवलेलीच नसते.

"लाकडाला दातेरी ब्लेड लावा." या एका ओळीसाठी मला तो मेसेज लिहिणाऱ्या माणसाला शोधून भेटावंसं वाटलं. जवळपास प्रत्येक ग्राइंडरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की लाकडाचं दातेरी ब्लेड किंवा चेनचं ब्लेड या मशीनला लावू नका, त्याने मशीन उसळतं आणि ताबा सुटतो. लोक ब्लेडवरचा १३,००० चा आकडा दाखवतात, पण तो आकडा एवढंच सांगतो की त्या वेगाला ब्लेड फुटणार नाही, मशीन हातात राहील असं तो कुठेच सांगत नाही. रेझीनची चकती घासत जाते, दाता मात्र चावतो, लाकडात गाठ आली की तो रुततो आणि जी ताकद चकती फिरवत होती ती अख्खं मशीन फिरवते. लाकडाच्या सर्क्युलर सॉला खाली बेस प्लेट असते जी लाकडावर टेकून राहते, खालचं गार्ड स्प्रिंगने आपोआप मिटतं. ग्राइंडरला यातलं काही नाही, वर बऱ्याच ग्राइंडरच्या स्विचला लॉक, म्हणजे हातातून सुटला तरी तो फिरतच राहतो. आणि हो, सॉचं ते खालचं गार्ड तारेने वर बांधून ठेवणारेही आहेत, त्यांच्यासाठीही हेच लिहिलंय असं समजा.

"एमसीबी आहे, मग अर्थिंग कशाला." हा मुद्दा नीट समजून घ्या कारण यात गैरसमज फार खोल आहे. एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. घामाने ओल्या हाताचा माणूस साधारण १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला त्याच्यातून २३० मिलिअँपिअर जातात, हे वॉटमध्ये मोजलं तर बावन्न त्रेपन्न वॉट होतात. म्हणजे १६ अँपिअरच्या एमसीबीला तुम्ही फक्त पन्नास वॉटच्या बल्बसारखे दिसता, तो कशाला पडेल? तो १६ अँपिअरचा, तुमच्यातून जातोय त्याच्या सत्तरावा भाग. माणसाला मात्र याच्यापेक्षा कितीतरी कमी करंट पुरतो. अमेरिकेत चार्ल्स डाल्झील नावाच्या प्राध्यापकांनी माणसांवर मोजणी करून दाखवलं होतं की हात आखडून पकड सोडवता येत नाही ती पायरी पुरुषांमध्ये सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास येते आणि स्त्रियांमध्ये साडेदहाच्या. म्हणून ड्रिलला चिकटलेला माणूस "सोडत का नाही" असं बघणाऱ्याला वाटतं, त्याला सोडताच येत नसतं. ३० मिलिअँपिअरच्या पुढे जितका वेळ जास्त तितका हृदयाची लय बिघडण्याचा धोका जास्त.

आता तिसरी पिन काय करते बघा. लोखंडी बॉडीच्या मशीनमध्ये आत वायर सुटून बॉडीला लागली तर अर्थिंगमधून एकदम मोठा करंट वाहतो आणि तेव्हा एमसीबी पडतो. म्हणजे ज्या एमसीबीच्या भरवशावर मेसेजवाला पिन काढायला सांगतोय त्या एमसीबीला कामाला लावणारी पिनच तो काढतोय. माणसासाठी जे उपकरण असतं ते आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचं, ते जाणारा आणि परत येणारा करंट सतत ताडून बघतं आणि फरक पडला की क्षणात तोडतं. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. त्यालाही मर्यादा आहे, तुम्ही एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलं तर त्याला फरक दिसत नाही.

मेसेजमध्ये पुढे असंही आहे की चौकोनात चौकोन हे चिन्ह असलेल्या मशीनला शॉक बसतच नाही. चिन्हाचा अर्थ डबल इन्सुलेशन, त्यामुळे त्या मशीनला दोनच वायरी असतात आणि अर्थिंग लागत नाही, इथवर बरोबर. "बसतच नाही" हे चूक. भिंतीत ड्रिल मारताना बिट चालू वायरला लागलं तर बिट, चक, गिअरची लोखंडी टोपी सगळ्यात करंट येतो, म्हणून अशा वेळी हात प्लास्टिकच्या पकडीवरच पाहिजे. दुसरं, लोखंड कापणाऱ्या ग्राइंडरमध्ये पंखा हवेबरोबर लोखंडाची बारीक धूळ आत ओढतो, मी उघडतो तेव्हा ती कार्बनच्या होल्डरभोवती काळ्या थरासारखी बसलेली असते, आणि ती धूळ वीज वाहून नेते. आणि मशीन पावसात भिजलं तर ते चिन्ह काही कामाचं नाही.

हातमोज्यांबद्दल मी स्वतःवर गेलेलं सांगतो. बेंच ड्रिलवर पत्र्याचा तुकडा क्लॅम्प न लावता हातमोजा घालून हाताने धरला होता, बिट पलीकडे निघताना नेमकं पकडतं, तसं त्याने पत्रा पकडला, पत्रा फिरला आणि हातमोज्याचं बोट बिटाला गुंडाळलं गेलं, मनगट महिनाभर सुजलेलं होतं आणि मी थोडक्यात वाचलो कारण बेल्ट सैल होता, तो घसरला. मिनिटाला १५०० फेऱ्या म्हणजे हात मागे घ्यायचं सुचेपर्यंत सहा वेढे पडलेले असतात. उघड्या फिरत्या बिटाजवळ, लेथजवळ, टेबल सॉजवळ हातमोजा नको, सैल बाही नको, गळ्यात काही लोंबतं नको. ग्राइंडरला ठिणग्या आणि हादऱ्यांसाठी चामड्याचे हाताला घट्ट बसणारे चालतात, सुती ढगळ नाही.

"ठिणग्या म्हणजे ताकद." हा माझ्या रोजच्या कामाचा विषय. कार्बन आणि कम्युटेटर (फिरत्या भागावरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) यांच्यामध्ये बारीक निळसर ठिणगी असते, नवीन कार्बन बसेपर्यंत थोडी जास्तही असते, ते ठीक. पण जाळीतून बघितल्यावर कम्युटेटरभोवती आगीचं कडं दिसत असेल तर कार्बन संपलाय, स्प्रिंग ढिली झालीये किंवा आर्मेचरची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाची, वाइंडिंग गेलीये, आणि तसंच चालवत राहिलात तर तांब्याच्या पट्ट्या जळून खड्डे पडतात, मग जे काम दोन कार्बनमध्ये झालं असतं तिथे अख्खं आर्मेचर बदलावं लागतं. कार्बनवर झिजेची रेघ असते, नसेल तर ५-६ मिलिमीटर उरला की बदला, आणि नेहमी जोडीने बदला.

तेलाचं तर कृपा करून कोणी ऐकू नका. जाळीतून सोडलेलं तेल बेअरिंगला पोचतच नाही, बहुतेक बेअरिंग सीलबंद असतात, ते तेल कार्बनच्या धुळीत मिसळून काळा चिखल होतो आणि तो कम्युटेटरच्या पट्ट्यांमध्ये भरून त्यांना आपसात शॉर्ट करतो. गिअरला तेल नाही, ग्रीस लागतं, तेही गिअर बॉक्स उघडून मापात. वंगण बाहेरून लावायचं म्हणजे रोटरी हॅमरच्या बिटाच्या मागच्या दांडीला, तिथे प्रत्येक वेळी थोडं ग्रीस लावायचंच. बाकी देखभाल म्हणजे कोरडी हवा मारून जाळी साफ ठेवणं, चष्मा लावून. जड काम झालं की लगेच बंद न करता मिनिटभर रिकामं फिरवायचं, कारण थंड करणारा पंखा त्याच आर्मेचरवर असतो, मशीन थांबलं की पंखाही थांबला.

एक्स्टेन्शनच्या वायरीचं मेसेजमध्ये नव्हतं पण जळलेलं फिल्ड (मोटरची न फिरणारी कॉइल) घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची चूक तिथेच असते. ०.७५ स्क्वेअर मिमीच्या ३० मीटर वायरीतून १० अँपिअर ओढले तर १५ व्होल्टच्या वर वायरीतच जातात आणि दीडशे वॉटची उष्णता तिथे तयार होते, रीळ गुंडाळलेलं असेल तर ती बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. वायर जाड घ्या आणि रीळ पूर्ण सोडून वापरा.

चष्मा, मास्क, कान. चष्मा कशाला, ते वर चकतीच्या तुकड्याच्या हिशोबातच आलं. दगड, टाइल, काँक्रीट कोरडं कापलं की सिलिकाची जी धूळ फुफ्फुसात खोल जाते ती डोळ्याला दिसत नाही, तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही, आणि सिलिकोसिस झाला की बरा होत नाही, म्हणून पाणी सोडून कापा किंवा धूळ ओढणारं मशीन जोडा, आणि वर चांगला फिल्टरचा मास्क लावा. आवाजाचं, ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं, आणि कापताना ग्राइंडर सहज त्या घरात जातो.

शेवटची ओळ होती "प्लग काढत बसू नका, बिट तसंच बदला." लॉकवाल्या स्विचच्या मशीनबरोबर काय होतं ऐका: काम चालू असताना लाईट जाते, माणूस मशीन बेंचवर ठेवतो, लॉक लागलेलाच असतो, आणि वाट बघताना म्हणतो तेवढ्यात चकती बदलून घेऊ. पाना लावलेला असताना लाईट आली की मशीन चालू. लाईट गेली की आधी लॉक सोडा, मग प्लग काढा, बॅटरीचं असेल तर बॅटरी काढा, आणि मगच पान्याला हात लावा.