उंबऱ्याशी अडणारं पाऊल
'पार्किन्सन्स झाला तरी रोज चाला' हे मेंदूच्या या आजारावरच्या तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण पाय जागेवरच चिकटतात त्याचं काय, तेही लिहायला हवं होतं. आमचे अण्णा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज जातात. घरात मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गाडी अडायची. फिजिओथेरपिस्टने सुचवलं म्हणून आईने फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचे आडवे पट्टे मारले. आता पट्टा ओलांडायचा म्हटलं की पाऊल बरोबर उचललं जातं! आणि या आजारावरची लेव्होडोपाची गोळी डाळ-पनीरच्या (म्हणजे भरपूर प्रथिनांच्या) जेवणासोबत घेतली तर नीट लागू पडत नाही, वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा (आम्हाला हे फार उशिरा कळलं). आजारामुळे अण्णांचं अक्षर मुंगीएवढं झालंय, तरी रविवारी मिसळ मागवायच्या चिठ्ठीवर 'तर्री जास्त' ते स्वतःच लिहितात.